हजेरीपट कोणी वाचावा?

देवाची जत्रा आटोपली म्हणजे दोन-चार दिवसांनी गावकरी देवळाच्या सभामंडपात जमतात आणि जत्रेचा जमाखर्च वाचला जातो. वर्गणी किती जमली, मांडववाल्याला किती दिले, तेलातुपाला किती गेले, शिल्लक किती उरली, हे खजिनदार मोठ्याने वाचतो. वाचता वाचता मागच्या खांबाशी बसलेला एखादा म्हातारा मध्येच बोलतो, "माळा बारा लिहिल्या आहेत. आम्ही तर नऊच पाहिल्या." सभा थांबते. खजिनदाराला तेथेच, त्याच क्षणी, उत्तर द्यावे लागते. माळा खरोखर बारा असतील तर तो पावती दाखवितो. नसतील तर खाली पाहतो. हा सारा प्रकार अर्ध्या तासाचा असतो, पण पुढच्या वर्षीच्या जत्रेचा कारभार चांगला होण्याची हमी त्या अर्ध्या तासात असते.

सरकारच्या कामाची देखरेख आणि मूल्यमापन हा विषय ऐकला की आपल्याला वाटते, हे तज्ज्ञांचे काम. त्यात आकडे, कोष्टके, अहवाल यांचा पसारा असायचा. तो असतोच. परंतु त्याचे मर्म या सभामंडपातील प्रसंगापेक्षा निराळे नाही, असे आम्हांला वाटते. वही लिहिलेली आहे, ती उघड वाचली जाते, ज्याने काम डोळ्यांनी पाहिले तो माणूस ऐकायला हजर आहे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. या चार गोष्टी एकत्र आल्या की कारभार आपोआप सरळ चालू लागतो. जत्रेत त्या सहज एकत्र येतात. राज्याच्या कारभारात मात्र वही एका ठिकाणी, पाहणारा दुसऱ्या ठिकाणी आणि उत्तर देणारा तिसऱ्याच ठिकाणी असतो. हे अंतर कसे कमी करता येईल, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठी आपण एकाच वहीचा माग काढू. ती वही म्हणजे दुष्काळी कामावरचा हजेरीपट, ज्याला मजूर आणि मुकादम सारेच 'मस्टर' म्हणतात.

हजेरीपट ही दिसायला अगदी साधी वस्तू आहे. मजुराचे नाव, कामाच्या तारखा, हजेरीच्या खुणा, मजुरीची रक्कम, शेवटी सही किंवा अंगठा. पण सरकारने गरिबाला दिलेले वचन पाळले की नाही, याचा पुरावा या कागदावाचून दुसरा नसतो. म्हणूनच लबाडीही याच कागदावर होते. मेलेल्या माणसाचे नाव लिहिता येते, मुंबईला गिरणीत गेलेल्याची हजेरी मांडता येते, आठ दिवस राबलेल्या बाईचे पाच दिवस करता येतात. हा कागद कचेरीच्या कपाटात बंद असला तर तो निर्दोषच दिसतो, कारण त्यातील नावे कोणाची, हे कपाटाला माहीत नसते.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. पुढे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून हकीकती गोळा केल्या आणि त्या सरकारपुढे मांडल्या. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने १८७७ साली दुष्काळी कामावरची मजुरी कमी करण्यात आली. सरकारी कागदांप्रमाणे ती पुरेशी होती. ती पुरेशी नाही, हे कामावरून उठून गेलेल्या मजुरांनी दाखविले आणि सभेने ते शब्दांत मांडले. पुढे १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकारजवळ शिल्लक दिसते याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो असा आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे हाती घेऊन दाखविले. राज्य परके होते, वही त्यांची होती. तरीही ती वाचता येते आणि वाचून प्रश्न विचारता येतो, हा धडा त्या पिढीने घालून दिला.

स्वराज्य आल्यावर वही आपली झाली. ती तपासण्याची व्यवस्थाही संविधानाने केली. कलम १४८ ते १५१ यांत भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे स्थान सांगितले आहे. त्यांना पदावरून दूर करणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्याइतकेच कठीण आहे. त्यांचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळांपुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांवर विचार करते. पैसा मंजुरीप्रमाणे खर्च झाला का, नियम पाळले का, एवढ्यावर हे परीक्षण थांबत नाही. योजनेने आपला हेतू साधला का, हेही ते पाहते.

नियोजनाच्या काळात आणखी एक पाऊल पडले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी नियोजन मंडळाने योजनांच्या मूल्यमापनासाठी एक निराळी संघटना उभी केली. काम करणाऱ्या खात्याने स्वतःचीच पाठ थोपटू नये, दुसऱ्याने पाहणी करावी, हा त्यामागचा विचार. त्या संघटनेचे काम २०१५ सालापासून नीती आयोगाच्या एका कार्यालयाकडे गेले आहे.

येथे देखरेख आणि मूल्यमापन यांतील भेद समजून घेतला पाहिजे. समजा, दुष्काळी कामातून एक पाझर तलाव बांधावयाचा आहे. पैसे किती आले आणि किती खर्ची पडले, हा पहिला प्रश्न. तलाव खरोखर बांधला गेला का, ठरलेल्या मापाचा झाला का, हा दुसरा. खालच्या विहिरींना पाणी वाढले का, हा तिसरा. आणि त्या पाण्यावर ज्याचे शेत भिजले त्याला पुढच्या दुष्काळात खडी फोडायला यावे लागले की नाही, हा चौथा. पहिले दोन प्रश्न काम चालू असताना वरचेवर विचारावयाचे असतात, ती देखरेख. पुढचे दोन काही काळ गेल्यावर, थोडे दूर उभे राहून विचारावयाचे असतात, ते मूल्यमापन. आपल्याकडे बहुतेक अहवाल पहिल्या प्रश्नाशीच संपतात. इतके कोटी मंजूर, इतके खर्च, म्हणजे काम फत्ते! पैसा संपला याचा अर्थ काम झाले असा होत नाही, हे जत्रेतल्या म्हाताऱ्याला कळते. कोष्टकाला कळत नाही.

आता पुन्हा हजेरीपटाकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे कामावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. आज येथे बसलेल्यांपैकी जे नोकरी करतात त्यांच्या पगारातून दरमहा तो कापला जातो. याचा अर्थ काय? शहरातल्या कारकुनाच्या पगारातला पैसा माणदेशातल्या एका बाईच्या मजुरीसाठी जात होता. दोघांची कधी गाठ पडली नाही. त्या दोघांना जोडणारा एकच धागा होता, तो हजेरीपट. पण तो ना कारकुनाला दिसला, ना त्या बाईला वाचता आला. दोघांच्या मधोमध जो बसला होता, त्यालाच तो दिसत होता. कुंपणाने शेत खाऊ नये असे वाटत असेल तर शेताचा धनी आणि शेतात राबणारा, दोघांनाही कुंपण दिसले पाहिजे.

ही गोष्ट रोखठोकपणे मांडली ती राजस्थानातील मजुरांनी. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे १९८७ साली देवडुंगरी या खेड्यात राहावयास गेले. दुष्काळी कामावर किमान मजुरी मिळत नाही, ही तेथली तक्रार होती. विचारावयास गेले की उत्तर मिळे, तुम्ही काम कमी केले, मोजमाप पुस्तकात तसे लिहिले आहे. मग ते पुस्तक दाखवा, असे मजूर म्हणू लागले. ते गुप्त आहे, असे सांगण्यात येई. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली. मिळविलेले कागद लोकांपुढे मोठ्याने वाचावयाचे आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनीच खरेखोटे सांगावयाचे, अशी ही रीत. अशा सुनावण्यांत कधीही कामावर न गेलेल्यांची नावे निघाली, मेलेल्यांची हजेरी निघाली, कागदावरच बांधलेली बांधकामे निघाली. लेखापरीक्षकाला हे का सापडले नव्हते? कारण त्याच्यापुढे पावती होती आणि पावती बिनचूक होती. ते नाव आपल्या शेजाऱ्याचे आहे आणि तो तीन वर्षांमागे वारला, हे ठाऊक असणारा माणूस त्याच्यापाशी नव्हता.

पुढे १९९६ च्या एप्रिल महिन्यात ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. त्यांची घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. राजस्थानात २००० साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ साली असा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला.

या कायद्याची दोन अंगे आपण नीट ओळखत नाही. अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर मिळावे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कलम ४ असे सांगते की खर्च, योजना, लाभार्थी यांसंबंधीची माहिती कोणी न मागताच सरकारी कचेऱ्यांनी आपण होऊन प्रसिद्ध केली पाहिजे. अर्ज करण्याची वेळच येऊ नये, असा त्याचा रोख आहे. दुसरे अंग आणखी रोचक आहे. कायद्यातील 'माहिती' या अधिकारात केवळ कागदाची नक्कल येत नाही; चालू कामाची पाहणी करणे आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणे हेही येते. आपल्या गल्लीतल्या रस्त्याच्या डांबर-खडीचा नमुना नागरिक मागू शकतो. सभामंडपातल्या म्हाताऱ्याचा प्रश्न अशा रीतीने कायद्यात शिरला.

त्याच वर्षी झालेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करावे असे सांगितले. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००६ पासून ते सर्वांत नेटाने केले. तेथील रीत अशी होती. गावोगावच्या मजूर कुटुंबांतील शिकलेली मुले-मुली तयार करावयाची. त्यांनी परगावी जावयाचे, कचेरीतून कागद घ्यावयाचे, घरोघर हिंडून प्रत्येकाची नोंद त्याला वाचून दाखवावयाची, कामावर जाऊन फीत लावावयाची, जबाब लिहावयाचे. मग ग्रामसभेत वाचन आणि शेवटी मंडल पातळीवर अधिकाऱ्यांच्या समक्ष जाहीर सुनावणी. २०११ साली केंद्राने महालेखापरीक्षकांच्या विचाराने नियम केले; तपासणारे मंडळ योजना राबविणाऱ्या खात्यापासून स्वतंत्र असावे आणि दर सहा महिन्यांनी निदान एकदा तपासणी व्हावी असे ठरले. २०१७ साली मेघालयाने तर अशा तपासणीचा स्वतंत्र कायदाच केला.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की प्रश्न सुटला. तसे झाले नाही, आणि का झाले नाही ते समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे. आंध्रातील तपासण्यांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की मजुरीतील घोटाळे थोडे कमी झाले, पण साहित्याच्या खरेदीतील घोटाळे वाढले. आपली हजेरी किती, हे मजुराला सांगता येते; सिमेंटची किती पोती आली आणि त्यांचा भाव काय, हे त्याला सांगता येत नाही. उजेड मजुरीवर पडला तेव्हा अंधार पोत्यांकडे सरकला. शिवाय पकडलेल्या रकमांपैकी फारच थोडी परत आली. प्रश्न विचारला गेला, पण उत्तर देणे भाग पडले नाही. चारांपैकी चौथी गोष्ट निसटली की पहिल्या तिन्ही लंगड्या पडतात.

यंत्राने हे काम आपोआप होईल अशीही आशा होती. २०२१ सालापासून कामावरच्या हजेरीसाठी मोबाईलवर छायाचित्र घेण्याची पद्धत आली आणि २०२३ च्या जानेवारीपासून ती सर्वत्र सक्तीची झाली. २०२५ च्या जुलै महिन्यात केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात आहेत. कोठे कोठे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे. यंत्राने कपाट मोठे केले, एवढेच झाले. त्यातील चेहरा कोणाचा, हे ओळखणारा शेजारी जोवर ते छायाचित्र पाहत नाही, तोवर हजारो चित्रे असून ती नसल्यासारखीच.

हे सारे खेड्यांचे झाले. आम्हां शहरवासीयांचे काय? शहरात शेजाऱ्याची ओळख नसते आणि ग्रामसभाही नसते. पण तेथेही एक वाट सापडली आहे. बेंगळूरमध्ये डॉ. सॅम्युएल पॉल यांनी नागरिकांची पाहणी करून सरकारी सेवांचे 'प्रगतिपुस्तक' तयार केले. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका, इस्पितळे यांविषयी घरोघर विचारले, तुमचे काम किती खेपांत झाले, समाधान झाले का, लाच द्यावी लागली का? उत्तरे एकत्र करून १९९४ साली खात्यांची तुलना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. बहुतेक खात्यांची इयत्ता अर्थातच खालची होती. एक-दोन खात्यांनी ते मनावर घेतले, बाकीच्यांनी कानाडोळा केला. म्हणून १९९९ साली आणि पुन्हा २००३ साली तेच प्रश्न पुन्हा विचारण्यात आले. तिसऱ्या खेपेस सुधारणा स्पष्ट दिसली. एकदा घेतलेले माप ही नुसती तक्रार असते. तेच माप पुन्हा पुन्हा घेतले म्हणजे कारभार पुढे जातो की मागे, हे कळते.

या सर्वांतून एक व्यवस्था उभी करावयाची तर तिला काय काय लागेल? पहिली गोष्ट, वही काम चालू असतानाच लिहिलेली आणि लोकांच्या भाषेत लिहिलेली असावी. संकेतस्थळावर इंग्रजीत ठेवलेले शेकडो रकाने म्हणजे उघडे दार नव्हे. दुसरी, काम करणारा आणि माप घेणारा हे निराळे असावेत, आणि माप घेणाऱ्याचा पगार काम करणाऱ्याच्या मर्जीवर नसावा. तिसरी, एकाच मापावर विसंबू नये. शाळेचे माप केवळ निकालाच्या टक्क्याने घेतले तर कच्च्या मुलांना दहावीच्या आधीच वाट दाखविली जाते; इस्पितळाचे माप केवळ मृत्यूंच्या संख्येने घेतले तर अत्यवस्थ रोगी दारातूनच परत जातो. ज्या मापावर बक्षीस ठेवाल ते माप माणसे गाठतात, काम मागे राहते. चौथी, जेथे सामान्य माणसाला समजत नाही, सिमेंट, लोखंड, यंत्रसामग्री, तेथे अभियंता आणि हिशेबनीस यांनी त्याच्या शेजारी बसावे. पाचवी, प्रत्येक आक्षेपाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे आणि तेही उघड लागावे. महाराष्ट्रात २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले, परवाने अशा सेवांना मुदत आणि चुकल्यास दंड, असे बंधन घातले आहे. तेच बंधन तपासणीतील आक्षेपांनाही हवे.

यात धोका नाही असे नाही. तळेगाव दाभाडे येथे माहितीच्या अधिकाराने जमिनीचे व्यवहार उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. एकटा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा तो एकटा सापडतो. सभाच विचारू लागली तर कोणाला गाठणार? म्हणून उघड वाचनाची रीत ही केवळ सोयीची नाही, ती प्रश्न विचारणाऱ्याचे संरक्षणही आहे.

दुसरा धोका कायद्याच्या वाटेने येतो. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याने माहिती अधिकार कायद्यातील खाजगी माहितीविषयीच्या पोटकलमाची भाषा बदलली. सार्वजनिक कामाशी संबंध असलेली माहिती वा व्यापक जनहित यांबद्दलची जी सवलत त्यात होती ती तेथून गेली. जनहितासाठी माहिती देता येईल असे निराळे कलम ८(२) अजून आहे. पण विचार करा, हजेरीपटावरचे नाव ही खाजगी माहिती ठरवून झाकले, तर तो हजेरीपट कोण कसा तपासणार? माणसाचा आजार, त्याच्या बँकेतील ठेव ही त्याची खाजगी बाब. ती झाकलीच पाहिजे. सार्वजनिक पैशातून त्याच्या नावे मांडलेली मजुरी ही मात्र सर्वांची बाब आहे. ही रेघ कोठे ओढावयाची, हे कचेरीने एकटीने ठरवू नये. आपणही त्यात बोलले पाहिजे.

श्रोतेहो, गेल्या दीडशे वर्षांत हजेरीपट दुष्काळी छावणीतून कचेरीत, कचेरीतून न्यायासनापुढे आणि तेथून मोबाईलच्या काचेवर आला. वही उघडण्यासाठी माणसे चाळीस चाळीस दिवस उन्हात बसली. ती बहुतांशी अर्धशिक्षित मजूर होती. आपण शिकलेले लोक मात्र कर भरतो, रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल चडफडतो आणि घरी जातो. आमची विनंती फार मोठी नाही. येथून घरी जाताना आपल्या आळीत गेल्या वर्षात झालेले एकच सार्वजनिक काम निवडा. एखादे गटार, एखादी शाळेची खोली, एखादा पदपथ. त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक आणि देयक मागून घ्या. एकट्याने घेऊ नका, चौघे मिळून घ्या. गणपतीच्या मांडवात वर्गणीचा हिशेब लावता, त्याच्या शेजारी तो लावा आणि एका संध्याकाळी मोठ्याने वाचा. मागे बसलेल्या कोणाला तरी माळा नऊच दिसल्या असतील. त्याला बोलू द्या.